ऊब कोण नेतंय

सिंधूताई पेंडसे यांची निम्मी नोकरी वीज कंपनीच्या भरारी पथकात गेली. जीप गल्लीच्या तोंडाशी थांबवायची, कुणाचं तरी घर शोधत असल्यासारखं निवांत चालत जायचं आणि मान वर करून तारांकडे बघायचं. कुठे आकडा टाकलाय, कुणी मीटरशी खेळ केलाय, कुठल्या पिठाच्या गिरणीची केबल भिंतीतून भलतीकडेच निघालीय, हे त्यांना इतरांच्या आधी दिसायचं. सहकारी म्हणत, बाईंना वास येतो. सिंधूताईंना ते पटत नसे. जेवढी वीज गेली आणि जेवढी नोंदली यांत फरक असेल तर मधे कुणीतरी उभं असतं, एवढं साधं आहे, असं त्या म्हणत.

निवृत्तीनंतरही सवय गेली नाही. दूधवाल्यानं माप बदललं ते त्यांनी पहिल्याच सकाळी ओळखलं. सोसायटीचा पाण्याचा टँकर अर्धा रिकामा येतो हे त्यांनीच शोधलं, आणि त्यानंतर सेक्रेटरी त्यांच्याशी फक्त लिफ्टमधे, नाइलाज म्हणून बोलू लागला. त्यांची मुलगी रुचा क्योतोला विद्यापीठात जुन्या लाकडी इमारतींवर संशोधन करते. या हिवाळ्यात आमच्याकडे ये, असं तिनं आग्रहानं सांगितलं, तेव्हा शेजारीण हसून म्हणाली, "तिकडे काय शोधणार आता? तिथे पाकीट हरवलं तरी परत मिळतं म्हणे."

"म्हणे," सिंधूताई म्हणाल्या.

रुचा आणि तिचा नवरा अंबरीष शहरात राहत नव्हते. शहराच्या उत्तरेला, बस डोंगरात शिरते त्या ओहाराच्या बाजूला त्यांनी एक जुनं शेतघर घेतलं होतं. रुचाला त्याच्या तुळया आवडल्या होत्या. अंबरीष ओसाकाच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत होता आणि आठवड्यातले बरेच दिवस घरूनच काम करायचा. पहिल्या हिवाळ्यात दोघं घरातही कोट घालून जेवले. त्यानंतरच्या उन्हाळ्यात अंबरीषनं महिनोन् महिने वाचून, रुचाचं मन वळवून घर गरम ठेवायची नवी व्यवस्था बसवून घेतली. सासूबाई आल्या त्याच संध्याकाळी, नवं देवघर दाखवावं तशी त्यानं ती दाखवली.

"हे बघा आई. छपरावर सोलर आहे. ऊन असलं की तेच पाणी तापवतं. ढग आले की ही शेगडी. हिच्या पाठीमागे पाण्याचं कवच आहे."

"म्हणजे बंबच की."

"बंबच. फक्त याला काचेचं दार आहे. आणि दोन्ही कमी पडलं तर बाहेर हीट पंप आहे. बाहेरच्या हवेतली ऊब ओढून घेतो आणि पाण्याला देतो. थोडी वीज खातो, पण सगळ्यात शेवटी चालतो. तिघांची ऊब या एका टाकीत जमते आणि इथून फरशीखालच्या नळ्यांत जाते."

सिंधूताईंनी टाकीभोवती एक फेरी मारली. कपाटाएवढी उंच, राखाडी, वरून खालून नळ्या निघालेली टाकी. "कमावणारे तिघं आणि हंडा एक," त्या म्हणाल्या. "मग कुणी कामचुकारपणा केला तर कळायचं कसं?"

"सगळं फोनवर दिसतं."

"फोनला कोण सांगतं?"

अंबरीष हसला. जावयाला जास्त टोकायचं नाही म्हणून सिंधूताईंनीही विषय सोडला. पण डोक्यातून गेला नाही.

चार-पाच दिवसांतच त्यांना फरक दिसला. संध्याकाळी शेगडी चांगली पेटायची, टाकीच्या वरच्या नळीला बोट लावायची सोय नसे. झोपताना अंबरीष फरशीची लाइन बंद करायचा, म्हणजे ऊब टाकीतच राहायला हवी. सकाळी मात्र ती नळी कोमट. आणि बाहेरचा हीट पंप, जो सगळ्यात शेवटी चालायचा, तो पहाटेपासून घरघरत असायचा.

"यंदा थंडी जास्त आहे," अंबरीष म्हणाला. "शिवाय जुनं घर. भिंतींतून ऊब गळते."

"भिंती टाकीतलं पाणी कसं गार करतील? टाकीला एवढी जाड गोधडी आहे."

"ते... बघतो मी." त्यानं फोन काढला, पाहिला आणि पालथा ठेवला. पालथा ठेवलेला फोन सिंधूताईंच्या नजरेतून सुटला नाही.

मग त्यांनी शेजाऱ्याकडे लक्ष दिलं. ओकुदा-सान सत्तरीचे, काटक, एकटे राहणारे गृहस्थ. भाज्यांची रोपं तयार करून विकायचा त्यांचा धंदा. कुंपणापलीकडे, रुचाच्या घराच्या मागच्या भिंतीसमोरच त्यांचं प्लॅस्टिकचं पॉलीहाऊस होतं. एका दुपारी ते छोटा पांढरा ट्रक घेऊन आले, ओकची फोडलेली लाकडं भिंतीशी नीट रचली, वाकून नमस्कार केला आणि गेले.

"किती देतेस यांना?" सिंधूताईंनी रुचाला विचारलं.

"काही नाही गं. घेतच नाहीत. मागच्या वर्षी साधी ओळखही नव्हती. यंदा ही टाकी बसवल्यापासून स्वतःहून आणून देतात."

"टाकी बसवल्यापासून."

"आई, हे पुणे नाहीये."

"माणसं सगळीकडे पुण्याचीच असतात," सिंधूताई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून त्या स्वयंपाकघराच्या खिडकीत चहा घेऊन बसू लागल्या. ओकुदा-सान रोज सकाळी कुंपणाच्या कडेनं हळूहळू चालत यायचे, रुचाच्या घराकडे तोंड करून थांबायचे आणि तळहात हवेत धरायचे. कुंपणाला त्यांनी एक लाल फीत बांधली होती. ती फडफडली की ते तिच्याकडे बघत राहायचे, मग परत जायचे. त्यांनी पॉलीहाऊसचं दार उघडलं की आतून वाफ बाहेर पडायची. बाहेर चिखल गोठलेला आणि आत प्लॅस्टिकवरून पाणी ओघळतंय. एवढी ऊब येते कुठून? तिथे ना धुराडं होतं ना गॅसची टाकी. आणि रुचाच्या घराच्या मागच्या भिंतीतून एक काळी नळी निघून जमिनीत शिरत होती, ती थेट त्याच दिशेनं.

नोकरीत असताना याहून कमी पुराव्यावर सिंधूताईंनी धाडी घातल्या होत्या.

रुचा विद्यापीठात गेली होती आणि अंबरीष कानाला हेडफोन लावून मीटिंगमधे होता, अशा एका सकाळी त्यांनी पडवीतली खुरपी घेतली. साडीवर रुचाचा जाड कोट चढवला, गुडघे टेकले आणि काळ्या नळीच्या कडेनं माती उकरायला सुरुवात केली. वरची माती कडक होती, खाली भुसभुशीत. नळीला हात लावला तर ती गार लागली. आतून वेगळी नळी असेल, त्यांनी ठरवलं, वरून हे नुसतं कातडं. त्या उकरत कुंपणाखाली पोचल्या आणि समोर दोन रबरी बूट येऊन उभे राहिले.

ओकुदा-सान काहीतरी म्हणाले. सिंधूताईंना जपानी येत नव्हतं आणि ओकुदा-सानना दुसरं काही. पण सिंधूताई आयुष्यात अशा वेळी कधी उठून गेल्या नव्हत्या. त्यांनी आधी घरातल्या टाकीकडे बोट दाखवलं, मग नळीकडे, मग वाफाळत्या पॉलीहाऊसकडे, आणि शेवटी मूठ आवळून काहीतरी ओढून नेल्याची खूण केली.

ओकुदा-सानना ती कळली. चेहऱ्यावर काही दिसलं नाही. त्यांनी फक्त हातातला मोजा काढून खिशात ठेवला आणि आत या, असा हात केला.

पॉलीहाऊसमधे मधोमध पेंढ्याच्या भिंती करून एक मोठा वाफा केला होता. त्यात कंबरेएवढा वाळलेल्या पानांचा थर, कोंडा घालून, पाणी मारून, पायांनी तुडवून बसवलेला. वर रोपांच्या ट्रे ओळीनं मांडलेल्या. ओकुदा-साननी एक ट्रे उचलून बाजूला ठेवली आणि पानांकडे बोट दाखवलं. सिंधूताईंनी हात घातला. मनगट आत जाईपर्यंत घातला आणि झटकन बाहेर काढला. आत चांगलीच धग होती. कुजणारी पानं स्वतःच तापतात. शेणखताच्या ढिगातून सकाळी वाफ निघते, ते त्यांनी गावोगाव हिंडताना हजारदा पाहिलं होतं, आणि इथे आठवलं नव्हतं.

ओकुदा-सान पुढे झाले, बाहेर जाऊन त्यांनी फावड्यानं काळ्या नळीचं टोक वर काढलं. ते उघडंच होतं आणि चिखलानं बुजलेलं. छपराचं पावसाचं पाणी वाहून नेणारी जुनी नळी. त्यांनी ती परत मातीत ठेवली, फावडं भिंतीला टेकवलं आणि सिंधूताईंसमोर वाकले. खूप खाली वाकले. तो नमस्कार आदराचा नाही, एवढं कळायला भाषा लागत नव्हती.

त्या आठवड्यात लाकडं आली नाहीत.

रुचाला कळलं ते कचरा टाकायच्या जागी. कावळ्यांनी पिशव्या फाडू नयेत म्हणून तिथे टाकलेली जाळी ओकुदा-सान नीट करत होते. तिनं सुप्रभात म्हटलं आणि त्यांनी मान वर केली नाही. घरी येऊन तिनं आईला विचारलं, आणि सिंधूताईंनी काही न लपवता सांगितलं.

रुचानं अंगातला कोट काढून खुंटीला अडकवला. मग म्हणाली, "आई, तू तीन महिने राहून जाशील. आम्हाला इथे राहायचंय."

"चुकलं माझं."

"माफी मागायला जायला हवं."

"जाऊ. पण रिकाम्या हातानं माफी मागून काय होतं? टाकी अजून सकाळी गारच असते. मी माणूस चुकीचा धरला. चोरी होत नाही असं थोडंच आहे?"

रुचा उठून गेली. त्या रात्री सिंधूताईंना पहिल्यांदा वाटलं की आपण परत जावं. ज्यांच्यावर धाड पडली आणि काही सापडलं नाही, अशी माणसं त्यांना आठवू लागली. पथक पुढच्या गल्लीत निघून जायचं. त्या माणसांना मात्र त्याच गल्लीत राहावं लागायचं. याचा विचार त्यांनी कधी केला नव्हता.

पुढे दोन दिवस ढग होते, मग रात्री आभाळ मोकळं झालं आणि सकाळी सगळीकडे दहिवर गोठून बसलं. कचऱ्याच्या पिशव्या घेऊन मायलेकी बाहेर पडल्या. डोंगराआड सूर्य अजून होता. ओकुदा-सानचं छप्पर पांढरं, पॉलीहाऊस पांढरं, रुचाच्या सायकलची सीटसुद्धा पांढरी. सिंधूताईंनी सवयीनं मान वर केली आणि थांबल्या.

त्यांच्या स्वतःच्या छपरावर कौलं पांढरी होती. सोलरच्या काचा मात्र काळ्याभोर आणि ओल्या होत्या.

"आई, बस जाईल माझी."

"तू जा," सिंधूताई म्हणाल्या आणि पिशवी तिच्या हातात देऊन आत वळल्या.

टाकीपासून छपराकडे जाणाऱ्या नळीवरचं वेष्टण त्यांनी बोटानं सारलं आणि नळीला हात लावला. मग अंबरीषला हाक मारली. तो दात घासत आला.

"सूर्य उगवायचाय. छपराकडे जाणारी ही नळी गरम कशी?"

त्यानं फोन पाहिला. "शक्य नाही. सोलरचा पंप रात्रभर बंद आहे. हे बघा."

"पंप बंद आहे हे खरं. पाणी फिरायचं थांबलंय, असं कोण म्हणालं? हात लावा."

अंबरीषनं हात लावला आणि तसाच उभा राहिला.

त्याला समजायला वेळ लागला नाही, हुशार मुलगा होता. गरम पाणी आपोआप वर चढतं. टाकी खाली, छप्पर वर. रात्री छप्पर गारठलं की टाकीतली ऊब त्या नळीनं वर जायची, काचेखाली गार व्हायची आणि दुसऱ्या नळीनं खाली यायची. पंपाची गरजच नव्हती. दिवसा सोलरनं कमावलेलं, संध्याकाळी शेगडीनं घातलेलं, आणि नंतर हीट पंपानं राबून भरलेलं, सगळं रात्रभर आभाळात जात होतं. हे होऊ नये म्हणून नळीवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असतो, एकाच बाजूला उघडणारी झडप. ती मिटत नसणार.

"मला नोव्हेंबरपासून वाटत होतं काहीतरी बिनसलंय म्हणून," तो खालच्या आवाजात म्हणाला. "हीट पंप फार चालतो अशी सूचना फोनवर सारखी यायची. मी ती बंद करून टाकली. रुचाला एवढं पटवून हे सगळं बसवलं होतं ना."

"ते मला माहीत होतं," सिंधूताई म्हणाल्या.

"कसं?"

"तुम्ही फोन पालथा ठेवता."

व्यवस्था बसवून देणारे निनोमिया-सान दुसऱ्याच दिवशी आले. इस्त्रीचा गणवेश, बूट काढून दाराशी नीट लावलेले, बरोबर छोटा संगणक. त्यांनी सगळे आकडे तपासले आणि अंबरीषला सांगितलं की पंप रात्री बंद असल्याचं स्पष्ट दिसतंय, बिघाड काही नाही, जुन्या घरात असं होतं. अंबरीष मान डोलावू लागला. सिंधूताईंना शब्द कळले नाहीत, पण हा सूर त्यांनी अनेक कचेऱ्यांत ऐकला होता. त्या टाकीपाशी गेल्या आणि छपराच्या नळीवर बोट ठेवून उभ्या राहिल्या. हटल्या नाहीत.

शेवटी निनोमिया-साननी पाना काढला. लाइन बंद केली, बादली लावली, व्हॉल्व्ह उघडला. सिंधूताई त्यांच्या चेहऱ्याकडे बघत नव्हत्या, हातांकडे बघत होत्या. हात क्षणभर थांबले. चिमटीत काहीतरी आलं आणि चिमूट खिशाकडे निघाली. सिंधूताईंनी आपला तळहात पुढे केला.

तळहात त्यांनी मागे घेतला नाही. मग निनोमिया-साननी ती वस्तू त्यांच्या तळहातावर ठेवली. नळ्या जोडताना आट्यांवर गुंडाळतात त्या पांढऱ्या टेपचा चुरगळलेला तुकडा होता, नखाएवढा. झडपेत अडकून बसला होता. निनोमिया-सान कानापर्यंत लाल झाले आणि वाकून इतका वेळ माफी मागत राहिले की शेवटी अंबरीषलाच अवघडल्यासारखं झालं. सिंधूताईंनी त्यांना चहा दिला. त्यांना राग नव्हता. सापडल्यावर त्यांचा राग नेहमीच संपायचा.

दुसऱ्या सकाळी टाकी गरम होती, छपराकडची नळी गार. सोलरच्या काचांवर दहिवर होतं.

मग सिंधूताईंनी शंकरपाळे तळले आणि रुचाला घेऊन ओकुदा-सानच्या दारात गेल्या. रुचानं आईच्या वतीनं माफी मागितली, व्हॉल्व्हची सगळी हकीकत सांगितली. ओकुदा-सान दारातच उभे राहून ऐकत होते. डबा त्यांनी घेतला नव्हता. हकीकत संपल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"ते विचारतायत, म्हणजे आता बाहेरचं यंत्र रात्रभर चालणार नाही का," रुचा म्हणाली.

"नाही चालणार. का?"

रुचानं विचारलं. उत्तर बरंच लांबलं आणि ते ऐकता ऐकता रुचाचा चेहरा बदलत गेला.

"आई, तो हीट पंप हवेतली ऊब काढून घेतो ना, म्हणून पुढून गार वारा सोडतो. तो सरळ यांच्या पॉलीहाऊसवर जातो. त्या कडेची रोपं दरवर्षीपेक्षा मागे पडली. यांना पहिल्यापासून संशय होता. ती फीत वारा बघायला बांधलीय. सकाळी हात धरून ते तेच बघायचे."

"मग बोलले का नाहीत?"

"नवीन शेजारी, परदेशी, कसं बोलायचं, असं वाटलं म्हणतात. म्हणून लाकडं दिली. लाकडं भरपूर असली की यंत्र बंद राहील, असा हिशेब."

फुकट कुणी काही देत नाही, हे लाकडं पाहिली त्या दिवसापासून सिंधूताईंच्या मनात होतं. पण आता ते बोलून दाखवावंसं त्यांना वाटलं नाही.

ओकुदा-सान आणखी काहीतरी पुटपुटले. रुचा भाषांतर करेना.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, एवढी लाकडं देऊनही यंत्र थांबेना. तेव्हा त्यांना वाटलं की आपण ती लाकडं विकतो, खाली रस्त्यावर लाकडाची शेगडी असलेला एक कॅफे आहे, त्याला."

सिंधूताईंनी ओकुदा-सानकडे पाहिलं. इतके दिवस त्या खिडकीतून या माणसावर पहारा ठेवत होत्या आणि कुंपणापलीकडून हा माणूस त्यांच्या घरावर. त्यांना एकदम मोकळं वाटलं. डबा त्यांनी पुन्हा पुढे केला. ओकुदा-साननी झाकण उघडलं, एक शंकरपाळा उचलला, उलटून पालटून पाहिला, वास घेतला, काय काय घातलंय ते रुचाला विचारलं आणि मगच तोंडात टाकला.

हीट पंपासमोर अंबरीषनं पत्र्याची आडवी पट्टी बसवली, वारा वर वळेल अशी. ओकुदा-साननी लगेच विश्वास ठेवला नाही. फीत त्यांनी सोडली नाही, उलट दुसरी एक खाली बांधली. दोन्ही लटकलेल्याच राहतात अशी खात्री पटेपर्यंत लाकडं आली नाहीत. सिंधूताईंना हे योग्य वाटलं. त्या स्वतःही रोज सकाळी छपराकडच्या नळीला हात लावल्याशिवाय चहा घेत नव्हत्या.

फेब्रुवारीत बर्फ पडलं. सोलरचे दिवस वाया गेले, शेगडीनं घर सांभाळलं, हीट पंप अधूनमधून गुरगुरून गप्प बसायचा. अंबरीष पुन्हा उत्साहात आला. पानांच्या वाफ्यातून नळीचं वेटोळं फिरवलं तर तीही ऊब टाकीत आणता येईल, असं त्यानं काढलं. तीन आहेतच, चौथा उगम. त्यानं कागदावर आकृती काढली आणि रुचाला मधे घालून ओकुदा-सानसमोर ठेवली.

ओकुदा-साननी आकृती दोन दिवस ठेवून घेतली. मग स्वतः घरी आले, पहिल्यांदाच, टाकीभोवती एक सावकाश फेरी मारली आणि रुचाकडून विचारलं, पानांची ऊब तुम्ही नेलीत तर माझ्या रोपांना किती राहील, आणि ते मोजणार कोण?

"बरोबर विचारतायत," सिंधूताई म्हणाल्या.

अंबरीष म्हणाला की फोनवर सगळं दिसेल. त्यावर सिंधूताई आणि ओकुदा-सान, दोघांनीही टाकीच्या नळीला हात लावून पाहिला.

मार्चच्या सुरुवातीला सिंधूताई पुण्याला परतल्या. चौथ्या उगमाचं अजून काही ठरलेलं नाही.